बूटलोडर कुठे अडला ते आधी ओळखा

ताईने जागा करायला म्हणून डिस्कवरचं एक रिकामं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा केलेला भाग, उडवलं. दुसऱ्या दिवशी लिनक्सचा डेस्कटॉप सुरू केला तर काळ्या पडद्यावर दोनच ओळी: ‘एरर: अननोन फाइलसिस्टिम’ आणि खाली ‘ग्रब रेस्क्यू’. ग्रब हा बूटलोडर, म्हणजे मशीन सुरू होताच ऑपरेटिंग सिस्टिम चालू करून देणारा छोटा प्रोग्राम. मी पोहोचेपर्यंत तिला कुणीतरी ‘आता फॉरमॅटच करावं लागेल’ असं सांगून टाकलं होतं. तिचे सगळे फोटो त्याच डिस्कवर. त्या क्षणी कुणी फॉरमॅट केलं असतं तर ते खरोखरच गेले असते, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

झालं होतं एवढंच. मशीन जुन्या बायॉस पद्धतीचं होतं (बायॉस म्हणजे मशीन सुरू करणारं मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर). अशा मशीनवर डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत बूटलोडरच्या कोडला जेमतेम ४४६ बाइट मिळतात. त्यामुळे ग्रबचा पुढचा तुकडा त्यानंतरच्या मोकळ्या जागेत बसतो, आणि ‘माझ्या बाकीच्या फायली सहाव्या पार्टिशनवर आहेत’ ही खूण तो सोबत ठेवतो. ताईने पाचवं पार्टिशन उडवलं. लॉजिकल (एका मोठ्या पार्टिशनच्या आत केलेल्या) पार्टिशनमधलं एक गेलं की मागच्यांचे नंबर एकाने कमी होतात. लिनक्स सहावरून पाचवर आलं आणि सातवं स्वॅप (मेमरी कमी पडली की वापरायची जागा) सहावं झालं. ग्रब सहाव्याचं दार वाजवत होता, आत स्वॅप! तिथे त्याला ओळखीची फाइलसिस्टिम, म्हणजे फायली मांडण्याची पद्धत, सापडणार कशी?

अशा वेळी आधी ‘एलएस’ टाइप करून एंटर दाबा. कंसात पार्टिशनांची यादी येते. मग एकेकाचं नाव कंसासकट, शेवटी तिरकी रेघ देऊन, पुन्हा ‘एलएस’ला द्या. ज्यात बूट, ईटीसी, होम ही फोल्डरं दिसतील ते आपलं. ताईकडे ते (एचडी०,एमएसडॉस५) निघालं. पुढे चारच ओळी, एकेक करून:

सेट रूट=(एचडी०,एमएसडॉस५)
सेट प्रीफिक्स=(एचडी०,एमएसडॉस५)/बूट/ग्रब
इन्समॉड नॉर्मल
नॉर्मल

अर्थात टाइप करताना सगळं इंग्रजी छोट्या अक्षरांत, आणि बरोबरच्या (=) चिन्हाच्या आजूबाजूला जागा न सोडता. शेवटच्या ओळीनंतर नेहमीचा मेनू आला, आणि लिनक्स सुरूही झालं, कारण मेनूतल्या नोंदी पार्टिशन नंबरावर विसंबत नाहीत, यूयूआयडीवरून, म्हणजे पार्टिशनच्या स्वतंत्र ओळखक्रमांकावरून, शोधतात. पण हा इलाज त्या एका वेळेपुरता असतो. आत गेल्या गेल्या टर्मिनल उघडून ‘ग्रब-इन्स्टॉल’ चालवायचं, आणि बायॉसच्या मशीनवर त्याला पूर्ण डिस्कचं नाव द्यायचं, पार्टिशनचं नाही. मग ‘अपडेट-ग्रब’. ती कमांड नसलेल्या लिनक्सवर ‘ग्रब-एमकेकॉन्फिग’.

पडद्यावर नेमकं काय आलंय, ते म्हणूनच अक्षर न् अक्षर वाचा. नुसतं ‘ग्रब’ आणि पुढे बाणाचं चिन्ह दिसलं, ‘रेस्क्यू’ नसेल, तर गाडी बरीच पुढे आलेली असते. बहुधा फक्त मेनूची फाइल सापडलेली नसते. मेनू नीट आला, लिनक्स निवडलं आणि मग ‘इनिटरॅमएफएस’चा (लिनक्स सुरू होताना आधी मेमरीत चढणाऱ्या तात्पुरत्या फाइलसिस्टिमचा) प्रॉम्प्ट आला, तर बूटलोडरला हात लावू नका. त्याने त्याचं काम केलेलं आहे. रूट पार्टिशनचा (लिनक्स ज्यावर आहे त्याचा) यूयूआयडी बदललाय का, डिस्क दिसते का, फाइलसिस्टिम तपासायला हवी का, ते बघा. आणि ‘बूटेबल डिव्हाइस नाही’ असं फर्मवेअरच (मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर) सांगत असेल, तर सेटिंगमध्ये जाऊन डिस्क दिसते का ते आधी पाहा. मदरबोर्डवरचा सेल संपला की काही मशीनवर सेटिंग मूळपदावर जातात. यूईएफआयचं (बायॉसनंतर आलेल्या नव्या पद्धतीचं) लेगसी, म्हणजे जुनी बायॉस पद्धत, झालं, की चांगला बूटलोडरही हरवल्यासारखा वाटतो.

मेनूतून विंडोज गायब झालं ही तक्रार माझ्याकडे सगळ्यात जास्त येते. ग्रबच्या २०२१ साली आलेल्या २.०६ आवृत्तीपासून दुसऱ्या सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर मुळातच बंद असतो. ‘/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’ या फाइलमध्ये ‘ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर’ची किंमत ‘फॉल्स’ करा, ओएस-प्रोबर इन्स्टॉल आहे ना ते पाहा आणि मेनू पुन्हा तयार करा.

आता निवडीचं. आधी मशीन कोणत्या पद्धतीने सुरू होतं ते बघा. लिनक्समध्ये ‘/सिस/फर्मवेअर/ईएफआय’ हे फोल्डर असेल तर यूईएफआय, नसेल तर बायॉस. बायॉस असेल तर ग्रब घ्या, फार विचार करू नका. लिलो या जुन्या बूटलोडरचं काम २०१५च्या अखेरीस थांबलं. यूईएफआयवर मात्र खरा पर्याय आहे. एकच लिनक्स असेल तर मला सिस्टमडी-बूट हा बूटलोडर मनापासून आवडतो. प्रत्येक नोंद म्हणजे चार-पाच ओळींची साधी फाइल. बिघडली तर उघडून वाचता येते. अट एकच: कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि इनिटरॅमएफएस ईएफआय पार्टिशनवर, म्हणजे यूईएफआय जिथे बूटलोडर शोधतं त्या पार्टिशनवर, मावायला हवेत. विंडोजने केलेलं ते पार्टिशन अनेकदा १०० एमबीचं असतं, त्यात ते मावत नाहीत, आणि अपडेट अर्ध्यावर अडतं. नव्याने करत असाल तर १ जीबी द्या. रूट एलव्हीएमवर किंवा रेडवर (अनेक डिस्क किंवा पार्टिशनं एकत्र जोडण्याच्या पद्धती) असेल आणि बूटचं वेगळं पार्टिशन नको असेल, तर ग्रबच. तीन-चार सिस्टिम असतील तर रीफाइंड हा बूटलोडर बघा. तो दर वेळी डिस्क धुंडाळून मेनू बनवतो.

यूईएफआयवर आणखी एक गोष्ट मी नेहमी करते. फर्मवेअरच्या आठवणीतली नोंद पुसली गेली तरी बहुतेक मशीन ईएफआय पार्टिशनवरच्या ‘ईएफआय/बूट/बूटएक्स६४.ईएफआय’ या ठरलेल्या जागी शोधून पाहतात. ‘ग्रब-इन्स्टॉल’ला ‘रिमूव्हेबल’ हा पर्याय दिला की ग्रब तिथे बसतो. सिक्युअर बूट (सही नसलेला बूटलोडर अडवणारी सोय) चालू असेल तर नुसता ग्रब तिथे चालणार नाही, त्याच्या आधी सही असलेला शिम हा छोटा प्रोग्राम लागतो. आणि त्या जागी आधीच एखादी फाइल असेल तर तिची प्रत पेनड्राइव्हवर घेतल्याशिवाय वर काही लिहू नका.