डॉकवरून चालू प्रोग्रॅम कसे हाताळावेत

नौपाड्यातल्या आमच्या डीटीपीच्या खोलीत सकाळी अकरा वाजता एका संगणकावर साधारण पाच प्रोग्रॅम आणि त्यांच्या मिळून आठ-नऊ विंडो उघड्या असतात. एका विंडोत लग्नपत्रिका, दुसरीत दिवाळी अंकाची मांडणी, तिसरीत ग्राहकाने मेलवर पाठवलेला मजकूर, शिवाय ब्राउझर, हिशेबाची वही आणि मागे मंद आवाजात चालणारी नाट्यगीते. अशा वेळी काउंटरपाशी आलेला ग्राहक "मघाची पत्रिका जरा दाखवता का?" असे विचारतो, आणि ती विंडो शोधण्यात आपला अर्धा मिनिट जातो. दिवसभरात असे कितीतरी अर्धे मिनिट जातात. पडद्याच्या कडेला असलेला डॉक, म्हणजे प्रोग्रॅमच्या आयकॉनची पट्टी, बहुतेक जण प्रोग्रॅम उघडण्यापुरताच वापरतात, पण डॉकची खरी उपयुक्तता प्रोग्रॅम उघडल्यानंतर सुरू होते, असे मला कामाच्या अनुभवावरून ठामपणे वाटते. चालू प्रोग्रॅम पुढे आणणे, बाजूला सारणे, त्यांच्या विंडोंमध्ये फिरणे, त्यांना बारीकसारीक आज्ञा देणे आणि शेवटी ते नीट बंद करणे ही सगळी कामे तिथून करता येतात.

पुढील माहिती प्रामुख्याने लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टीमवरील प्लँक या डॉकविषयी आहे, कारण तो हलका आहे, आमच्या जुन्या यंत्रांवरही अडखळत नाही आणि मी रोज तोच वापरतो. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये नाव शोधून तो बसवावा आणि संगणक सुरू होताच तोही सुरू व्हावा म्हणून स्टार्टअप ॲप्लिकेशन्सच्या यादीत घालावा.

आधी बैठक नीट करून घ्यावी

कंट्रोल दाबून डॉकवर राइट क्लिक केले की प्लँकचा स्वतःचा मेनू उघडतो आणि त्यात प्रेफरन्सेस मिळते. तिथे चार गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे डॉकची जागा. मिंटचे पॅनेल खालच्या कडेला असते, म्हणून डॉकही खालीच ठेवला तर दोघांची गर्दी होते. मी तो डाव्या कडेला ठेवतो, कारण आजचे पडदे रुंदीला ऐसपैस आणि उंचीला तोकडे असतात, आणि उभे पान मांडणाऱ्या माणसाला उंचीचा प्रत्येक बोटभर भाग मोलाचा असतो. दुसरी गोष्ट लपण्याची. डॉक आपोआप लपणारा ठेवला की पडदा मोकळा दिसतो खरा, पण उघड्या प्रोग्रॅमच्या आयकॉनपाशी उमटणारे ठिपके दिसेनासे होतात, आणि चालू प्रोग्रॅमवर नजर ठेवायची तर ते ठिपकेच आपल्याला हवे असतात. पडदा पुरेसा मोठा असेल तर हाइड डॉक हा पर्याय बंदच ठेवावा.

तिसरी गोष्ट म्हणजे शो अनपिन्ड हा पर्याय, जो चालू असलाच पाहिजे. तो बंद असेल तर डॉकवर कायम न ठेवलेला प्रोग्रॅम चालू असूनही तिथे दिसत नाही. चौथी गोष्ट म्हणजे रिस्ट्रिक्ट टू वर्कस्पेस. वर्कस्पेस म्हणजे एकाच पडद्यावर आलटून पालटून आणता येणारी वेगवेगळी कामाची जागा. तो चालू केला तर फक्त समोरच्या वर्कस्पेसमधल्या विंडोच डॉकवर दिसतात आणि नवख्या माणसाला आपला प्रोग्रॅम नाहीसा झाला असे वाटते. एकाच वर्कस्पेसवर काम करणाऱ्याने त्याला हात लावू नये.

ठिपके काय सांगतात

ज्या आयकॉनपाशी ठिपका नाही त्या प्रोग्रॅमची एकही विंडो उघडी नाही, एक ठिपका असेल तर एक विंडो उघडी आहे, आणि दोन ठिपके असतील तर एकाहून अधिक, मग त्या दोन असोत की सात. एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ गोंधळ टळतो. आमच्याकडे कळव्याहून काम शिकायला येणारी एक मुलगी दुसऱ्याच आठवड्यात घाबरून म्हणाली, "दादा, फाईल गेली." मी म्हटले, "डॉकवर बघ, ठिपके किती आहेत?" तिने वाकून पाहिले आणि म्हणाली, "दोन." फाईल गेलेली नव्हती, तर तिच्यावर दुसरी रिकामी विंडो उघडलेली होती.

हे दोन ठिपके मला स्वतःलाही एकदा महागात पडले आहेत. एका लग्नपत्रिकेत मुलीच्या मामांचे नाव दुरुस्त करून मी फाईल जतन केली होती. नंतर चालू विंडो पुढे आणायला गेलो आणि माउसचे चाक दाबले गेल्यामुळे त्याच प्रोग्रॅमची नवी विंडो उघडली. ते ध्यानात न आल्याने मी तीच फाईल त्या विंडोत पुन्हा उघडली, तिच्यात तारखेखालची ओळ बदलली, आणि मामांची पुढची दुरुस्ती मात्र पहिल्या विंडोत केली. शेवटी जिची प्रत नंतर जतन झाली तिने आधीच्या प्रतीतला बदल पुसून टाकला. छापायला देण्यापूर्वी घरच्यांनी पत्रिका वाचली म्हणून ते लक्षात आले. त्या दिवसापासून फाईल उघडण्याआधी ठिपके पाहण्याची सवय मी स्वतःला आणि सगळ्यांना लावली आहे.

क्लिकचे अर्थ

चालू प्रोग्रॅमच्या आयकॉनवर साधे लेफ्ट क्लिक केले आणि तो मागे असेल तर त्याच्या विंडो पुढे येतात, त्या मिनिमाइझ केलेल्या असतील तर पुन्हा उभ्या राहतात, आणि तो आधीच समोर असेल तर त्याच क्लिकने बाजूला सारला जातो. विंडो दुसऱ्या वर्कस्पेसवर असेल तर डॉक आपल्याला तिथे घेऊन जातो. काउंटरवर ग्राहक उभा असताना हे फार कामाला येते, कारण हिशेबाच्या वहीच्या आयकॉनवर एक क्लिक केले की इतर लोकांच्या रकमा नजरेआड होतात आणि ग्राहक गेल्यावर दुसऱ्या क्लिकने वही जशीच्या तशी परत येते.

एकाच प्रोग्रॅमच्या तीन-चार विंडो असतील तेव्हा क्लिक करण्यापेक्षा माउस आयकॉनवर नेऊन चाक फिरवावे. एकेका खटक्याला पुढची किंवा मागची विंडो समोर येते. चाक हळू फिरवावे, कारण घाईने फिरवले तर हवी ती विंडो समोरून निघून जाते. विंडो पाचाहून अधिक असतील तर मात्र राइट क्लिक करणे सोपे पडते, कारण मेनूत प्रत्येक विंडोचे नाव दिसते आणि नाव वाचून नेमकी हवी ती निवडता येते. म्हणूनच फाईलींना सुरुवातीच्या शब्दांतच ओळख पटेल अशी नावे द्यावीत. "नवीन", "नवीन दोन", "शेवटची" अशी नावे असतील तर त्या यादीचा काडीचाही उपयोग होत नाही.

मधले चाक दाबणे म्हणजे नवी विंडो मागणे, आणि कंट्रोल दाबून लेफ्ट क्लिक करण्याचाही अर्थ तोच. नवी विंडो हवी असेल तेव्हा ही सोय चांगली आहे, पण वर सांगितलेला घोटाळा इथूनच झाला होता. जुन्या माउसचे चाक सैल झाले की फिरवता फिरवता ते दाबले जाते. असा माउस डॉकसाठी धोक्याचा असतो, म्हणून तो बदलावा.

फाईल ओढून आयकॉनवर सोडणे ही आणखी एक युक्ती. फाईल मॅनेजरमधून चित्र उचलून चित्रसंपादकाच्या आयकॉनवर सोडले की ते त्याच प्रोग्रॅममध्ये उघडते. एरवी डबल क्लिकने ते चित्र नुसते पाहण्याच्या प्रोग्रॅममध्ये उघडले असते.

मेनूतून दिलेल्या आज्ञा

डॉकची मला सर्वांत आवडणारी सोय हीच आहे. अनेक प्रोग्रॅम आपल्या काही आज्ञा डॉकच्या मेनूत आणून ठेवतात, त्यामुळे विंडो पुढे न आणताही त्यांना काम सांगता येते. गाणी वाजवणाऱ्या रिदमबॉक्सच्या आयकॉनवर राइट क्लिक केले की गाणे थांबवणे किंवा चालू करणे, पुढचे आणि मागचे गाणे लावणे या आज्ञा मिळतात. फोन वाजला की मी पत्रिकेची विंडो न सोडता तिथूनच गाणे थांबवतो. फायरफॉक्सच्या मेनूत नवी विंडो आणि नवी खासगी विंडो मिळते. दुकानातल्या संगणकावर ग्राहकाला आपली मेल उघडून फाईल डाउनलोड करायची असेल तेव्हा त्याला खासगी विंडोच द्यावी, कारण ती बंद केली की त्याचे लॉगिन मागे राहत नाही. डाउनलोड झालेली फाईल मात्र संगणकावर राहते, ती वेगळी पुसावी लागते.

काही प्रोग्रॅम आयकॉनवरच न वाचलेल्या संदेशांचा आकडा किंवा कामाची प्रगती दाखवणारी पट्टी आणतात. ही सोय प्रोग्रॅमच्या कर्त्यांनी केलेली असावी लागते, म्हणून ती सगळीकडे दिसणार नाही.

एकाच प्रोग्रॅमचे दोन आयकॉन

कधी कधी डॉकवर कायम ठेवलेला आयकॉन क्लिक केला की प्रोग्रॅम उघडतो, पण ठिपका त्या आयकॉनला न लागता शेजारी दुसराच आयकॉन उभा राहतो. प्रत्येक विंडो स्वतःची एक ओळख घेऊन येते आणि डॉक त्या ओळखीवरून ती कोणत्या प्रोग्रॅमची आहे हे ठरवतो. ती ओळख प्रोग्रॅमच्या नोंदीशी जुळली नाही की डॉक तिला परकी समजतो. लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवू देणाऱ्या वाइनमधून चालवलेल्या प्रोग्रॅमांबाबत हे विशेष घडते. सोपा उपाय असा की प्रोग्रॅम चालू असताना उगवलेल्या नव्या आयकॉनवर राइट क्लिक करून कीप इन डॉकवर खूण करावी आणि जुना आयकॉन डॉकबाहेर ओढून सोडून द्यावा. बहुतेक वेळा एवढ्याने भागते.

डॉकला कोणत्याच विंडोचा पत्ता लागत नसेल तर लॉगिनच्या पडद्यावर कोणते सेशन, म्हणजे लॉगिननंतरचे कामाचे वातावरण, निवडले आहे ते पाहावे. लिनक्सवर पडद्यावर विंडो दाखवण्याच्या एक्स ही जुनी आणि वेलँड ही नवी अशा दोन पद्धती आहेत. प्लँक एक्स पद्धतीच्या सेशनसाठी बनलेला आहे, आणि वेलँडमध्ये एका प्रोग्रॅमला दुसऱ्याच्या विंडो अशा मुक्तपणे हाताळू दिल्या जात नाहीत. उबुंटू ही लिनक्सची दुसरी प्रणाली वापरणाऱ्यांनी तिथे असलेलाच डॉक वापरावा. तो ऑक्टोबर २०१७ च्या १७.१० आवृत्तीपासून उबुंटूत आहे. त्यात सुपर, म्हणजे विंडोजचे चिन्ह असलेली कळ, आणि १ ते ९ मधला आकडा दाबला की त्या क्रमांकाचा प्रोग्रॅम पुढे येतो. ज्यांचा हात कीबोर्डवर बसला आहे त्यांना ही पद्धत माउसपेक्षा जवळची वाटेल.

मॅकवर डॉक मार्च २००१ पासून, म्हणजे मॅक ओएस टेनच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. तिथे ऑप्शन दाबून दुसऱ्या आयकॉनवर क्लिक केले की समोरचा प्रोग्रॅम लपतो आणि निवडलेला पुढे येतो. ऑप्शन आणि कमांड दोन्ही दाबून क्लिक केले तर निवडलेला सोडून बाकी सगळे लपतात. अडकलेल्या प्रोग्रॅमच्या आयकॉनवर राइट क्लिक करून ऑप्शन दाबले की क्विटच्या जागी फोर्स क्विट येते, पण त्याने जतन न केलेले काम जाते, म्हणून तो शेवटचा उपाय समजावा.

संध्याकाळी बंद करताना

दुकान बंद करताना मी डॉकवर वरून खाली एकेक आयकॉन घेतो. आधी राइट क्लिक करून विंडोंची नावे वाचतो, ज्यांच्यात काम बाकी आहे त्या पुढे आणून जतन करतो आणि मगच क्लोज ऑल निवडतो. ही आज्ञा प्रोग्रॅमला मारून टाकत नाही, ती प्रत्येक विंडोला बंद होण्याची विनंती करते, त्यामुळे जतन न झालेली विंडो आधी विचारणा करते. ती विचारणा पुष्कळदा दुसऱ्या विंडोमागे दडून राहते आणि प्रोग्रॅम अडकला असे आपल्याला वाटते. ठिपका गेला नाही तर त्या आयकॉनवर पुन्हा एकदा क्लिक करावे, म्हणजे प्रश्न समोर येईल आणि त्याचे उत्तर देता येईल. जे प्रोग्रॅम विंडो बंद केल्यावरही घड्याळाशेजारच्या ट्रेमध्ये चालूच राहतात, त्यांचा ठिपका जातो पण ते बंद झालेले नसतात. त्यांना तिथे जाऊन वेगळे बंद करावे लागते.