फौजेतून घरी आलाय? मग वॉर्डाचं काम असं सुरू करा

सोलापुरात फौजी परत आला की गल्लीतले पहिले दोन महिने सलाम करतात, मग विसरतात, त्यामुळे मानाची वाट बघत बसू नका. आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणी करून माजी सैनिकाचं ओळखपत्र घ्या, पेन्शनची कामं तर होतातच पण बाकीचे माजी सैनिकही तिथंच भेटतात, आणि 65 किंवा 71 ची लढाई बघितलेले एखादे आजोबा भेटले तर चहा पाजून बसवून घ्या, त्यांच्या शब्दाला गल्लीत वजन असतंय.

मग एकच प्रश्न धरा. आपल्याकडं पाणीच धरा की, उजनी असून नळ रोज येत नाही. कुठल्या गल्लीत कधी आणि किती वेळ पाणी आलं ते वहीत लिहा, तारखेसकट. नुसती तोंडी तक्रार करून काही होत नाही बघा. वही घेऊन महापालिकेत लेखी अर्ज द्या, पोच घेतल्याशिवाय हलू नका. उत्तर नाही आलं तर माहिती अधिकार कायदा 2005 आहेच, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, एका अर्जात एकच विषय, आणि 150 शब्दांत आटपा. 30 दिवसांत उत्तर यायला पाहिजे, नाही आलं तर पहिलं अपील.

एक सांगतो, राग येतो तेव्हा हुकूम सोडायची सवय वर येते. इथं कोणी तुमचा जवान नाही, टॉवेल कारखान्यातून थकून आलेला माणूस मीटिंगला आला हेच लई झालं. नगरसेवकपदाला उभं राहायचं असेल तर ते नंतर बघा, आधी दोन-तीन कामं होऊ द्या.