गुडघा बदलल्यावर पायात रक्ताची गुठळी: घरच्यांनो, या चुका टाळा

गुडघा बदलण्याचं ऑपरेशन नीट पार पडलं, पेशंट वॉकर धरून घरी आला, की सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. पण पायाच्या खोल शिरांमध्ये गुठळी होण्याचा धोका डिस्चार्जबरोबर संपत नाही. तो पुढचे कित्येक आठवडे राहतो, आणि बऱ्याच गुठळ्या पेशंट घरी गेल्यावरच लक्षात येतात.

ऑपरेशनमध्ये शिरांना थोडीफार इजा होते. जखम भरायच्या तयारीत असलेल्या शरीरात रक्त लवकर गोठतं. शिवाय पडून राहिल्यामुळे पायातलं रक्त संथ वाहतं. पोटरीचे स्नायू आवळले की ते रक्त वर हृदयाकडे ढकललं जातं. पोटरी हललीच नाही, तर साचतं. पहिल्या दोन गोष्टी आपल्या हातात नाहीत, ही तिसरी मात्र आहे.

आणि नेमकी इथेच प्रेमापोटी चूक होते. "आई, तू उठू नकोस, आम्ही आहोत ना." मग चहा पलंगावर, जेवण पलंगावर. टाके तुटतील ही भीती असतेच. डॉक्टरांनी सांगितलेल्या बेताने चाललं तर टाके तुटत नाहीत. त्यांनी परवानगी दिली असेल, तर दिवसा तासा-दीड तासाने घरातल्या घरात एक फेरी होऊ द्या. दिवसभर खुर्चीत पाय खाली सोडून टीव्ही बघणं म्हणजे हालचाल नव्हे. पडल्या पडल्या पावलं आधी खाली दाबायची, मग स्वतःकडे ओढायची, असं दर तासाला दहा-वीस वेळा. दोन्ही पायांनी करा, कारण गुठळी न कापलेल्या पायातही होऊ शकते.

गुडघ्याखाली उशी घेतली की बरं वाटतं, पण गुडघा वाकलेलाच राहतो आणि मागची शीर दाबली जाते. उशी घोट्याखाली घ्या, टाच अधांतरी राहू द्या. बाथरूमला सारखं उठायला नको म्हणून बरेच पेशंट गुपचूप पाणी कमी पितात, त्यावरही लक्ष ठेवा. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल, तर पाणी किती प्यायचं ते डॉक्टरच सांगतील.

औषध मध्येच बंद करणं

"आता दुखत नाही, मग इंजेक्शन कशाला?" हे वाक्य फार ऐकू येतं. रक्त पातळ करणारं औषध दुखण्यासाठी नसतंच. या ऑपरेशननंतर ते साधारण किमान 10 ते 14 दिवस, काही जणांना 35 दिवसांपर्यंत देतात. कुणाला एनॉक्सापॅरिनचं इंजेक्शन, कुणाला रिव्हारोक्साबॅन किंवा अपिक्साबॅनची गोळी, कुणाला ॲस्पिरिन. शेजारच्या काकांची चिठ्ठी आपल्याला चालत नाही. डोस चुकला तर पुढच्या वेळी दोन घेऊ नका, फोन करून विचारा. केमिस्टकडून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन स्वतःहून आणू नका, सोबत घेतल्यास रक्तस्राव होऊ शकतो.

घरी इंजेक्शन देणाऱ्याने आधी नर्सकडून शिकून घ्यावं. भरून आलेल्या सिरिंजमधला पूर्ण डोस द्यायचा असेल, तर आतला हवेचा बुडबुडा काढायचा नाही. बेंबीपासून किमान 5 सेंटिमीटर दूर, पोटाची कातडी चिमटीत धरून सुई पूर्ण आत घालायची, आणि औषध संपेपर्यंत चिमूट सोडायची नाही. नंतर जागा चोळू नका, निळीकाळी पडते. रोज बाजू बदला.

पोटरीला मालिश

हे मी हात जोडून सांगते. पोटरी सुजली, भरून आली, की कुणीतरी तेल गरम करून आणतं. आत गुठळी असेल, तर चोळण्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते, आणि त्यात जीव जाऊ शकतो. ऑपरेशन झालेल्या पायाला थोडी सूज असतेच. पण पाय उंच ठेवूनही ती उतरत नसेल, अचानक वाढली असेल, पोटरी गरम लागत असेल, दाबल्यावर दुखत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. डॉप्लर सोनोग्राफीत, म्हणजे शिरांमधलं रक्त कसं वाहतंय ते दाखवणाऱ्या तपासणीत, गुठळी आहे का ते बहुतेक वेळा कळतं. रोज सकाळी दोन्ही पोटऱ्या शिवणाच्या टेपने एकाच जागी मोजून कागदावर लिहून ठेवल्या, तर "वाटतंय जरा सुजल्यासारखं" यावर वाद होत नाहीत.

हे सगळं गुडघ्यापुरतं नाही. सिझेरियननंतरचे सहा आठवडेही जोखमीचे असतात, त्यामुळे बाळंतिणीला खाटेला खिळवून ठेवू नका. कुठलंही ऑपरेशन ठरलं की गर्भनिरोधक गोळ्या किंवा सणासाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेत असल्यास आधीच सांगा. घरात कुणाला पूर्वी गुठळी झाली असेल तर तेही.

अचानक धाप लागली, श्वास घेताना छातीत कळ आली, खोकल्यातून रक्त पडलं किंवा भोवळ आली, तर ॲसिडिटी समजून थांबू नका. लगेच 108 ला फोन करा. पोहोचल्यावर पहिल्याच वाक्यात ऑपरेशनची तारीख आणि चालू असलेलं रक्त पातळ करणारं औषध सांगा. डिस्चार्ज कार्ड सोबत न्या.