संध्याकाळी सातला मोडणारं डाएट: या चुका टाळा

ठाणे स्टेशनला पश्चिमेकडे उतरून गोखले रोडने नौपाड्यात घरी जायला मला पंधरा-वीस मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात माझी तीन डाएटं मोडली आहेत. पहिलं वडापाववर, दुसरं पाणीपुरीवर. तिसरं मोडलं ते लेकासाठी म्हणून घेतलेल्या वेफर्सवर, जे घरी पोचेपर्यंत पुडीत उरलेच नव्हते. चौथ्या खेपेला मात्र चौदा महिन्यांत ९ किलो उतरले आणि दोन वर्षांत त्यातले फार तर दीड परत आले.

मी आहारतज्ज्ञ नाही. फोर्टमधल्या एका ऑफिसात हिशेब तपासते. ताळा जुळला नाही की मागची पानं उलटायची, ही कामाची सवय मी डाएटलाही लावली. संध्याकाळी सातला जी खा-खा सुटते, तिची मूळ नोंद बहुतेक वेळा सकाळच्या आणि दुपारच्या रकान्यात सापडते. म्हणून ‘माझा जिभेवर ताबाच नाही’ असं म्हणण्याआधी पुढचं तपासून बघा.

सोमवारचा पराक्रम

रविवारी रात्री मटण, सोमवारी सकाळी दुधीचा रस. नाश्ता बंद, भात बंद, साखर बंद, दुपारी काकडी-टोमॅटो. पहिले तीन दिवस अंगात वारं भरल्यासारखं वाटतं आणि काटाही दोन किलो खाली येतो. त्या दोन किलोंत चरबी नावापुरतीच असते. शरीर थोडी साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवून ठेवतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी धरलेलं असतं. खाणं एकदम तोडलं की हा साठा वापरला जातो आणि पाणी निघून जातं. पुढच्या आठवड्यात चार घास नीट खाल्ले की ते परत येतं आणि आपण म्हणतो, ‘मला तर हवेनेही वजन वाढतं.’

उपासमारीने माणसाचं डोकं कसं फिरतं याचा एक जुना प्रयोग आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने साधारण निम्म्या खाण्यावर ठेवलं. रोज मिळायचे सुमारे १५७० कॅलरी. वजन जवळपास पाव हिश्श्याने उतरलं, पण या मंडळींना अन्नाशिवाय दुसरं काही सुचेना. ती पाककृतींची पुस्तकं वाचू लागली आणि ताटं चाटूनपुसून साफ करू लागली. दिवसाला १५७० कॅलरीत ही गत होती, आणि आपल्याकडचे ‘सात दिवसांत पाच किलो’वाले तक्ते बाईला हजारावर ठेवतात. मग रात्री पनीर पसंदाचे व्हिडिओ बघितले जातात, त्यात नवल काय?

करायचं एवढंच, की रोजच्या खाण्यातून साधारण ४०० ते ५०० कॅलरी कमी करायच्या. किलोभर चरबी म्हणजे सुमारे ७७०० कॅलरी धरतात, त्या हिशेबाने आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास उतरतं. वेग कंटाळवाणा आहे, हे मान्य.

डबा भरलेला, पोट रिकामं

माझा जुना डबा तीन पोळ्या आणि बटाट्याच्या काचऱ्यांची भाजी असा होता. दिसायला भरगच्च. पण पोळीत साधारण ३ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे सगळा डबा मिळून अकरा-बारा ग्रॅम. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, हिशेबाने निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या बाईला ५० ग्रॅम. अकरा ग्रॅमवर दुपार काढली की चार वाजता बिस्किटाचा पुडा दिसतो आणि आपण त्याला ‘गोडाची तल्लफ’ असं नाव देतो. अहो, ती साधी भूक असते.

आता दोन पोळ्या, दीड वाटी मटकीची किंवा मुगाची उसळ आणि घरच्या दह्याची छोटी डबी. प्रथिनं वीस ग्रॅमच्या आसपास जातात. कधी दोन उकडलेली अंडी, त्यांचे बारा ग्रॅम. उसळीचं मोड आणणं वगैरे रविवारी एकदाच करून ठेवते आणि मोड आलेलं कडधान्य फ्रीजमध्ये तीन दिवस तरी टिकतं. वरण पातळ करून दोन वाट्या पिण्याने मात्र फारसं साधत नाही. त्यात डाळीपेक्षा पाणीच जास्त असतं. डब्यातला हा एक बदल केला नसता, तर बाकीचे कुठलेच टिकले नसते असं माझं मत आहे.

पाच ते आठ

दुपारचं जेवण एकला आणि रात्रीचं नऊला. मधले आठ तास चहावर. त्यात सीएसएमटीहून ठाणं म्हणजे ३४ किलोमीटरचा उभ्याने प्रवास. अशा अवस्थेत खाली उतरल्यावर कढईतून निघणारा वडा समोर आला, तर तो न खाणारा माणूस संत तरी असेल नाहीतर त्याला सर्दी झाली असेल.

माझा उपाय हिंगाची रिकामी डबी. त्यात मूठभर, म्हणजे साधारण ३० ग्रॅम, फुटाणे मावतात. शंभर-सव्वाशे कॅलरी, सहा-सात ग्रॅम प्रथिनं आणि चावायला भरपूर वेळ. दादर गेलं की डबी उघडायची आणि घाटकोपर यायच्या आत संपवायची. कितीही धुतली तरी फुटाण्यांना हिंगाचा वास येतोच, आता त्याचीही सवय झाली. लेडीज डब्यातल्या मैत्रिणी आधी हसल्या, मग हात पुढे करू लागल्या, त्यामुळे आता मोठी डबी शोधावी लागणार आहे. शेंगदाणे नेत असाल तर मोजून न्या. १०० ग्रॅम दाण्यांत साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात आणि गप्पांत पुडी कधी संपते ते कळत नाही.

एवढं करूनही मन चाळवतंच. तेव्हा मी स्वतःला विचारते, आत्ता समोर मुगाची उसळ ठेवली तर खाईन का? उत्तर ‘हो’ आलं तर ती भूक, घरी जाऊन लगेच जेवायचं. ‘उसळ नको, वडाच हवा’ असं आलं तर ती तल्लफ. तल्लफ बहुधा लाटेसारखी चढते आणि पंधरा-वीस मिनिटांत उतरू लागते. त्या वेळात तिच्याशी वाद घालत उभं राहू नका, जागा बदला. मी गोखले रोडवरचा फुटपाथच बदलला, वड्याच्या गाडीच्या समोरच्या बाजूने जाते. हास्यास्पद वाटेल, पण तल्लफ वासावर येते आणि रस्ता ओलांडला की वास निम्मा होतो. ‘भूक लागली की पाणी प्या’ हा सल्ला मात्र मला कधीच पटला नाही. तहान असेल तर पाणी, भूक असेल तर अन्न.

तेलाचा कॅन आणि ‘पौष्टिक’ फराळ

आमच्याकडे चार माणसांत महिन्याला पाच लिटरचा कॅन संपायचा. भागाकार केला तर माणशी रोज ४० मिलिलिटरच्या वर, म्हणजे आठ चमचे तेल, जवळपास साडेतीनशे कॅलरी. आणि मी पोळीला तूप लावायचं सोडून स्वतःची पाठ थोपटत होते! मग फोडणीला बुधलीतून धार न धरता चमच्याने मोजून तेल घ्यायला लागले. भाजीची चव गेली नाही. कॅन आता दीड महिना पुरतो.

उपवासाची साबुदाणा खिचडी हा तर ठेवणीतला गैरसमज आहे. पाऊण वाटी कोरडा साबुदाणा, मूठभर दाण्याचा कूट आणि दोन चमचे तूप मिळून बशी सहज पाचशे कॅलरींच्या वर जाते. साबुदाण्यात निव्वळ स्टार्च, प्रथिनं जवळजवळ नाहीतच. चतुर्थीला खिचडी खाऊ नका असं म्हणत नाही, फक्त तिला डाएटच्या खात्यात टाकू नका. गुळाचं तेच. साखरेत शंभर ग्रॅमला ४०० कॅलरी, तर गुळात ३८०च्या आसपास. खजुराचे लाडू, भाजका चिवडा, शुगर-फ्री बिस्किटं या सगळ्यांच्या पाकिटावर काय लिहिलंय ते उलटून वाचा.

चहाचंही सांगून टाकते. चार कप, दोन-दोन चमचे साखर, म्हणजे ४० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. मी एकदम बंद केली नाही. दर तीन आठवड्यांनी अर्धा चमचा कमी केला. आता बाहेरचा चहा मला बासुंदीसारखा लागतो.

‘आयुष्यात वडापाव नाही’

ही शपथ घेऊ नका. जे कायमचं बंद केलं, तेच रात्री स्वप्नात येतं, आणि एकदा शपथ मोडली की ‘आता आजचा दिवस गेलाच’ म्हणून वड्यामागे भजी आणि भज्यांमागे आइस्क्रीम जातं. एक वडापाव साधारण २५० ते ३०० कॅलरींचा असतो. त्याने कुणाचं काही बिघडत नाही, बिघडतं ते त्याच्या मागून आलेल्या वरातीने.

मी महिन्यातले दोन शनिवार ठरवून ठेवले आहेत. एका शनिवारी मामलेदारची मिसळ, तिखट, नाक गळेपर्यंत, आणि पावांचा आकडा बसण्याआधी ठरलेला, दोन. दुसऱ्या शनिवारी वडापाव, गरम, दुकानापाशी उभं राहून. घरी पार्सल आणायचं नाही. गार झालेला वडा खाऊन कॅलरी तेवढ्याच जातात आणि मजा जाते. ठरलेल्या दिवसाबाहेर कधी खाल्लं गेलं, तर पुढचं जेवण नेहमीसारखं जेवायचं. शिक्षा म्हणून रात्री उपाशी झोपलात, तर दुसऱ्या संध्याकाळी सातला पुन्हा तिथेच उभ्या असाल.

चालण्याच्या भरवशावर खाणं हीदेखील एक गोड चूक. तलावपाळीला संध्याकाळी फेऱ्या मारणारे आणि फेऱ्या झाल्यावर तिथेच भेळ खाणारे यांत बरेच चेहरे सारखे असतात. अर्धा तास भरभर चालून शे-दीडशे कॅलरी जळतात. चाला जरूर, उपवनला जा, येऊरच्या पायथ्याला जा. गुडघ्यांना आणि मनाला बरं वाटतं, पण त्याची वसुली गाडीवर करू नका.

घरची माणसं आणि काटा

आमच्या सासूबाईंच्या लेखी ‘नको’ हा शब्द म्हणजे ‘थोडं वाढा’. ‘एवढ्याने काय होतंय, बाळंतिणीसारखी वाळलीस’ हे ७४ किलोच्या सुनेला ऐकवलं जायचं. मी वाद सोडून दिला. आता ताट स्वतः वाढून घेते आणि गोडाला ‘आई, अर्धीच वाटी द्या, पण तुमच्या हातची’ म्हणते. फरसाण काचेच्या बरण्यांतून स्टीलच्या डब्यांत गेलं आणि माळ्याखालच्या वरच्या फळीवर चढलं. स्टूल काढून चढेपर्यंत निम्म्या वेळा विचार बदलतो.

काटा रोज बघून हिरमुसू नका. आदल्या रात्रीचं लोणचं-पापड, बद्धकोष्ठ, पाळीच्या आधीचे दिवस, कशानेही किलोभर इकडेतिकडे होतं. आठवड्यातून एकदा, एकाच वेळी बघा आणि सोबत कंबर मोजा. आपल्याकडे बायकांसाठी ८० सेंटीमीटर आणि पुरुषांसाठी ९० ही सावध व्हायची रेघ मानतात. काटा महिनाभर हलला नाही, तर आधी झोप तपासा. रात्री दीडपर्यंत मालिका बघितली की दुसऱ्या दिवशी भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक चढतं, आणि गोडधोड खायची ओढ मला तरी हमखास लागते.

ही तल्लफ नव्हे

कच्चे तांदूळ, खडू, भाजकी माती किंवा सतत बर्फ खावासा वाटत असेल, तर त्यामागे पुष्कळदा लोहाची कमतरता असते. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या. आमच्या शेजारच्या वहिनी वर्षभर निवडताना तांदूळ चघळत होत्या आणि घरात सगळे त्याला खोड म्हणत होते. हिमोग्लोबिन निघालं ८.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना अचानक घाम, थरथर आणि जोराची भूक आली, तर निग्रह दाखवू नका. शक्य असेल तर साखर तपासा, नाहीतर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. अशी औषधं घेणाऱ्यांनी डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या पद्धतीचं डाएट, म्हणजे दिवसातून दोनदाच आणि दर वेळी ५५ मिनिटांत जेवायचं, आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. लपून भरमसाट खाणं आणि नंतर मुद्दाम ओकणं होत असेल, तर तो डाएटचा प्रश्नच नाही, डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला.

सणांचं काय, हा प्रश्न मला श्रावण लागला की हमखास विचारतात. त्या दिवसांत मी वजन उतरवायचा नाद सोडते, आहे तिथे राहिलं तरी पुष्कळ. मोदक दोन, वर तूप, त्या वेळी भात नाही. आमच्याकडे गौरी असतात, पुरणाचा स्वयंपाक असतो आणि ते तीन दिवस काटा पलंगाखाली सरकवलेला असतो.