सोमवार ते शनिवारची मंडळी: आपल्या गल्लीत ख्रिस्ती सेवा कशी उभी करावी

ख्रिस्ती सेवा म्हटलं की आपल्याकडे अजूनही मांडव, लाऊडस्पीकर आणि बाहेरगावचे वक्ते डोळ्यांसमोर येतात. सभा संपते, मांडव उतरतो आणि शेजारच्या घरात कोण आजारी आहे याची मंडळीला, म्हणजे चर्चच्या लोकांना, खबरही नसते. मराठवाड्यात सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, रुजली ती लोकांमध्ये राहून. मिशनरी नारायण शेषाद्रींनी 19व्या शतकात जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं, ते माणसं तिथं राहावीत, कसावीत, शिकावीत म्हणून. तुमची मंडळी 20 घरांची असो की 200, आजही काम असंच सुरू करता येतं.

आधी वही करा. रविवारी उपासना झाली की अर्धा तास थांबा. पाळकसाहेब, मंडळीचे एखादे वडील (एल्डर), महिला मंडळातल्या दोघी आणि मोबाईलची कामं जमणारा एक तरुण एवढे बसले तरी पुष्कळ. एकटं कोण राहतं, अंथरुणाला कोण खिळलंय, कुणाच्या घरी नुकतीच मयत झाली, हे लिहून काढा. ख्रिस्ती आणि बिगरख्रिस्ती अशी वेगळी पानं करू नका.

मग दोनच घरं निवडा. सगळा गाव एकदम अंगावर घेतला की महिनाभरात काम बंद पडतं. प्रत्येक घरापुढे मंडळीतल्या एकाचं नाव लिहा. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात विधवांची रोजच्या वाटपात आबाळ होऊ लागली, तेव्हा सात जणांना नावानिशी निवडून ते काम सोपवलं. 'सगळे मिळून बघू' म्हटलं की कुणीच बघत नाही.

ऊसतोडीच्या घरांपासून सुरुवात करा. बीड, धाराशिव, परभणी, जालना या भागात हे मी आग्रहानं सांगेन. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, त्यामुळे घरी म्हातारी तापानं फणफणली तरी कोयता थांबवता येत नाही. मागे उरतात आजी, आजोबा आणि नातवंडं.

आठवड्यातला एक वार ठरवा आणि तो चुकवू नका. गेल्यावर पिशवीतून लगेच बायबल काढू नका. बसा, चहा दिला तर घ्या. "मावशी, बीपीच्या गोळ्या आहेत का?" असं विचारलं तर "आहेत की" हेच उत्तर येणार, म्हणून पाकीट मागून घ्या आणि किती उरल्यात ते स्वतः मोजा. रांजणात पाणी आहे का, तेही पाहा. फडावरच्या लेकाला व्हिडिओ कॉल लावून द्या. निघताना विचारा, "मावशी, प्रार्थना करू का?" हो म्हणाल्या तर दोन मिनिटांत करा, लेकाचं नाव घेऊन करा. नको म्हणाल्या तर पुढच्या आठवड्यात तितक्याच मायेनं जा.

याच भेटीत कागदपत्रंही बघता येतात. वय 65 च्या पुढं असेल तर श्रावणबाळ योजना, विधवा किंवा अपंग असतील तर संजय गांधी निराधार योजना लागू होते का, हे तहसील कार्यालयात विचारा. योजनेचा पगार चालू असेल तर हयातीचा दाखला वेळेवर गेलाय ना आणि आधार खात्याला जोडलंय ना, एवढं पाहा. मुलांसाठी जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांना हंगामी वसतिगृहाबद्दल टोळी निघण्याआधीच भेटा. आईबाप गेल्यावर धावपळ करून उपयोग नाही, तोवर पोर फडावर पोचलेलं असतं.

छत्रपती संभाजीनगरातल्या मंडळ्यांना घाटी रुग्णालय जवळ आहे. सगळ्या मराठवाड्यातून रुग्ण तिथं येतात आणि नातेवाईक बाहेर ताटकळत असतात. आठवड्यातून एक दिवस दोन घरांनी चार डबे जास्तीचे केले तरी चालतं.

पैशाचा व्यवहार उघडा ठेवा. सुगीच्या अर्पणातली ज्वारी, तूर यातला काही वाटा या कामासाठी बाजूला काढा. हिशेब दोघांच्या सहीनं ठेवा आणि दर महिन्याला मंडळीपुढं वाचा.

मदतीला अट लावू नका, फोटो काढू नका. इथं मी अजिबात तडजोड करणार नाही. धान्याची पिशवी हातात देऊन रविवारी चर्चमध्ये यायला सांगणं हा त्या माणसाच्या गरजेचा गैरफायदा आहे, आणि त्यानं ख्रिस्ताच्या नावाला बट्टा लागतो. मात्र कुणी स्वतःहून विचारलं, "तुम्ही हे का करता?", तर आडपडदा ठेवू नका. येशूनं आपल्यासाठी काय केलं ते साध्या शब्दांत, स्वतःच्या जगण्यातून सांगा. ती साक्ष ऐकून घेतली जाते, कारण तुम्ही महिनोन् महिने त्या ओट्यावर बसलेले असता.

महिन्याच्या शेवटी वही उघडा. एखाद्या घरची भेट दोनदा हुकली असेल तर कुणाला बोल न लावता तिथं दुसऱ्याचं नाव लिहा. गुढीपाडव्याच्या आसपास टोळ्या परतायला लागल्या की त्या आठवड्यात मुद्दाम जा: आजीच्या गोळ्यांच्या वेळा, पुढच्या तपासणीची तारीख, बँकेचं राहिलेलं काम, सगळं एका कागदावर लिहून सुनेच्या हातात द्या आणि तिच्याकडून ते एकदा वाचून घ्या.