पानांची सँडविचेस ओली पडू नयेत म्हणून

हिरव्या पानांची सँडविचेस पार्टीला करावीत तर तासाभरात ब्रेड लगदा आणि पानं मलूल. माझ्याकडे खरा फरक पडला तो पानं कोरडी करण्याने. लेट्यूस असो की कोवळा पालक, धुऊन दहा मिनिटं बर्फाच्या पाण्यात ठेवते. पाणी शोषून पानं पुन्हा ताठ होतात. मग निथळून, सुती पंच्यात सैल गुंडाळून फ्रीजमध्ये. तरीही देठापाशी, पानाच्या चुणीत एखादा थेंब दडून बसतोच. सगळा घात तोच करतो. तो टिपून घ्यायचा. कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नका.

लोणी मऊ हवं आणि थर पातळ, मात्र अगदी कडेपर्यंत. स्निग्ध थरातून पाणी ब्रेडमध्ये सहज झिरपत नाही. पानांवर मीठ भुरभुरलं की पाणी सुटतं, म्हणून मीठ-मिरपूड लोण्यातच कालवते. टोमॅटोला सरळ रजा. काकडी हवीच असेल तर बिया काढून.

भरून झालेली सँडविचेस घट्ट पिळलेल्या ओल्या कापडाखाली झाकली की ब्रेड वाळत नाही. कडा काढणं आणि त्रिकोण कापणं अगदी वाढायच्या वेळी, करवती सुरीने, न दाबता.