कुळागरातला जुना ट्रक बाहेर काढताना या चुका टाळा

गोव्यातल्या सत्तरी, डिचोली, सांगे भागातल्या कुळागरांत (सुपारी-नारळाच्या बागांत) आणि काजूच्या भाटांत अजूनही एखादा जुना ट्रक झाडीत रुतलेला दिसतो. टाटांचा डेमलर-बेन्झशी करार 1954 ते 1969 होता, त्यामुळे पुढच्या जाळीवर मर्सिडीजचा तारा असलेली गाडी म्हणजे मोलाचा ऐवज. अशा गाड्यांनी कित्येक पावसाळे काढलेले असतात, पण त्यांचे खरे हाल बाहेर ओढण्याच्या एका दिवसात होतात.

आधी कागद. मूळ मालक हयात नसेल, तर एका मुलाच्या शब्दावर पैसे देऊ नका. गोव्याच्या नागरी कायद्यात पती-पत्नीची मालमत्ता सहसा सामायिक असते, म्हणून पत्नीसकट सगळ्या वारसांची लेखी संमती घ्या. चेसिस नंबरावरचा गंज ग्राइंडरने काढू नका, आकडेच जातील. रॉकेलच्या फडक्याने पुसा, वर कागद धरून पेन्सिल घासा. ठसा उमटला की फोटोही काढून ठेवा. चेसिसमधून झाड वाढले असेल, तर कोयता चालवण्यापूर्वी वनखात्याकडे विचारा. 1984च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार परवानगी लागू शकते.

काजूचा हंगाम सरल्यावर, पावसाआधी जमीन कडक असते, तेव्हाच हात घाला. कुळागर असेल तर त्या बाजूचे पाटाचे पाणी काही दिवस आधी वळवा. केबिनमध्ये हात घालण्यापूर्वी सीटखाली लांब काठी फिरवा. घोणशीला अशी जागा फार आवडते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे जेसीबीची साखळी बंपरला अडकवून सरळ खेचणे. बंपर उपटतो, स्प्रिंगच्या पाट्यांचे हँगर तुटतात, आणि जाम चाके नांगरासारखी जमीन उकरत येतात. साखळी चेसिसलाच, दोन्ही बाजूंना बांधा. ताण आला की माणसे लांब उभी करा.

त्याआधी चाके मोकळी करायला हवीत, आणि इथे घाई अजिबात नको. ब्रेक लायनर ड्रमला चिकटलेले असतात. अ‍ॅडजस्टर ढिला करा, ड्रमच्या कडेवर हातोडीने फिरवत ठोका. मग मागच्या हबचे नट काढून दोन्ही एक्सल बाहेर ओढा. आता चाके फिरतील, पण गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल फिरणार नाहीत. आतले तेल गळून गेलेले किंवा खराब झालेले असू शकते, म्हणून हे फार महत्त्वाचे. हबचे तोंड प्लास्टिकने बांधा. एक्सल काढल्यावर गिअरमध्ये टाकूनही गाडी अडत नाही, तेव्हा चाकांच्या पुढे-मागे जांभा दगड अडकवूनच खाली शिरा.

लॉक रिंगच्या (टायर लोखंडी कड्याने अडकवलेल्या) चाकांत जागेवर हवा भरणे जिवावर बेतते. गंजलेली रिंग सुटली तर तोफगोळ्यासारखी उडते. असलेली हवाही आधी व्हॉल्व्ह काढून सोडा, मगच नटांना पाना लावा. काही जुन्या गाड्यांच्या डाव्या बाजूचे नट उलट्या आट्यांचे असतात. जोर करण्यापूर्वी बघा.

लाकडी बॉडी कुजली म्हणून तिथेच फोडून टाकू नका. सुताराला मापे तिच्यावरूनच मिळणार आहेत.

घरी आणल्यावर बॅटरी लावून सेल्फ मारायचा मोह आवरा. सम्पचा, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या भांड्याचा, बोल्ट किंचित सैल करा. तेलाआधी पाणी आले, तर हेड उघडल्याशिवाय इंजिन फिरवू नका. पाणी नसेल, तर इंजेक्टर काढून सिलिंडरांत तेल सोडा, दोन-तीन दिवस मुरू द्या आणि पुलीच्या बोल्टला पाना लावून हाताने फिरवा.